जुहू विमानतळ: तिकीट मिळत नाही, तरी रोज उड्डाणं होतात, मग इथून जातं कोण?

जुहू चौपाटीवर भेळ खाताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं नाही, असं क्वचितच होतं. विलेपार्ले पश्चिमेला एस. व्ही. रोडवर राहणाऱ्यांना तर त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते, की कुणी मान वर करूनही बघत नाही. नवीन माणूस मात्र हमखास विचारतो, "मंत्री चाललाय की हिरो?"

बहुतेक वेळा दोघांपैकी कुणीच नसतं. आत बसलेली माणसं कामावर निघालेली असतात. त्यांचं 'ऑफिस' मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात असतं आणि तिथे जाण्याचा त्यांचा रोजचा रस्ता जुहूच्या विमानतळावरून जातो.

विमानाची तिकिटं विकणाऱ्या कुठल्याही ॲपवर हा विमानतळ सापडणार नाही, कारण इथून कोणत्याही विमान कंपनीची वेळापत्रकानुसार चालणारी सेवा नाही. तरीही मुंबईतली बहुतांश हेलिकॉप्टर वाहतूक इथूनच होते. हा विमानतळ चालतो कसा, त्याची गरज कुणाला आहे आणि त्याच्यामुळे शेजारच्या इमारतींची उंची का अडते, ते समजून घेऊया.

विमानतळ नेमका कुठे आहे?

पूर्वेला एस. व्ही. रोड, पश्चिमेला जुहू तारा रोड आणि त्यापलीकडे समुद्र, अशा पट्ट्यात हा विमानतळ आहे. जुने लोक अजूनही त्याला 'जुहू एरोड्रोम' म्हणतात. त्याची मालकी आणि कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे एएआयकडे आहे. हवाई वाहतुकीच्या जगात त्याची ओळख 'व्हीएजेजे' या चार अक्षरी कोडने होते.

मुख्य धावपट्टीचं नाव ०८/२६. धावपट्टीचे आकडे दिशा सांगतात. होकायंत्रावर ८० अंशांच्या दिशेने तोंड असलेलं टोक ०८ आणि त्याच्या बरोबर उलट, २६० अंशांचं टोक २६. म्हणजे ही धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. तिची लांबी साधारण १,१४० मीटर. तुलनेसाठी, सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास ३,४५० मीटर लांब आहे. जुहूला १६/३४ ही आणखी एक, याहूनही छोटी धावपट्टी आहे.

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडवतात आणि उतरवतात. मुंबईत दुपारी समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो. त्यामुळे चौपाटीवरच्या माणसाला हेलिकॉप्टर बरेचदा समुद्राच्या दिशेने उडताना दिसतं.

भारताच्या नागरी विमानसेवेची सुरुवात इथून झाली

जुहूचं विमानतळ १९२८ साली सुरू झालं. ही भारतातल्या नागरी विमान वाहतुकीची पहिली जागा मानली जाते. त्याच काळात सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये जे. आर. डी. टाटा विमान चालवायला शिकले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना पायलटचं लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं ते पहिलं लायसन्स. त्यावर क्रमांकही १ असाच होता.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून एक इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान घेऊन निघाले. विमानात प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. लंडनहून कराचीपर्यंत आलेली ही पत्रं पुढे मुंबई आणि मद्रासला न्यायची होती. वाटेत अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला. याच टपालसेवेतून टाटा एअरलाइन्स उभी राहिली आणि १९४६ मध्ये तिचं नाव एअर इंडिया झालं. या उड्डाणाला ५० वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूपर्यंतचा तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला.

त्या काळी जुहूला टर्मिनल वगैरे काही नव्हतं. झावळ्यांनी शाकारलेली शेड आणि समोर चिखलाचं मैदान. पावसाळ्यात भरतीचं पाणी आत शिरलं की धावपट्टी दिसेनाशी व्हायची आणि टाटांना सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागायचा. हा भाग आजही सखल आहे. जुहू-पार्ल्याचं पावसाचं पाणी समुद्रात टाकण्यासाठी महापालिकेला इर्ला इथे पंपिंग स्टेशन बांधावं लागलं, ते याच भूगोलामुळे.

सांताक्रूझ मोठं झालं आणि जुहू मागे पडलं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला मोठा लष्करी विमानतळ तयार झाला. युद्धानंतर विमानं मोठी, जड आणि वेगवान झाली. त्यांना लांब धावपट्टी लागत होती आणि जुहूला एका बाजूला वस्ती तर दुसऱ्या बाजूला समुद्र असल्यामुळे वाढायला जागाच नव्हती. १९४८ च्या आसपास प्रवासी विमानं सांताक्रूझला गेली. जुहू छोट्या विमानांसाठी, प्रशिक्षणासाठी आणि पुढे हेलिकॉप्टरसाठी उरलं.

पण दोन विमानतळ इतके जवळ असण्याचा एक धोका होता. समुद्रावरून सांताक्रूझला उतरायला येणाऱ्या पायलटला जुहूचीही धावपट्टी दिसते, आणि तिची दिशाही जवळपास तीच आहे. १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट हे जेट विमान चुकून जुहूलाच उतरलं. ते हलकं करून तिथून पुन्हा उडवायला काही दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाचीही तीच फसगत झाली. एवढं मोठं विमान त्या छोट्या धावपट्टीवर थांबणं शक्यच नव्हतं. ते पुढे निघून गेलं आणि कायमचं निकामी झालं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

आता मोठ्या विमानांना उपकरणांच्या मदतीने धावपट्टीपर्यंत अचूक आणलं जातं. त्यामुळे अशी गफलत होण्याची शक्यता खूप कमी झाली आहे.

आज इथून कोण उडतं?

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल सापडलं. हेच 'बॉम्बे हाय', आताचं मुंबई हाय. १९७६ पासून तिथून तेलाचं उत्पादन सुरू झालं. समुद्रात तेलविहिरी आहेत, म्हणजे तिथे राहून काम करणारी माणसंही आली. इंजिनिअर, ड्रिलिंग करणारे, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी, डॉक्टर. या सगळ्यांची ने-आण करण्यासाठी किनाऱ्यावर सर्वात सोयीची जागा होती जुहू.

१९८५ मध्ये केंद्र सरकारने हेलिकॉप्टर सेवेसाठी स्वतंत्र कंपनी काढली. तीच पुढे पवन हंस नावाने ओळखली जाऊ लागली. ओएनजीसीच्या समुद्रातल्या कामाला हेलिकॉप्टर पुरवणं हा तिच्या स्थापनेमागचा एक मुख्य उद्देश होता. जुहूला तिचा मोठा तळ आहे आणि हेलिकॉप्टरच्या देखभालीचं प्रशिक्षण देणारी संस्थाही आहे.

याशिवाय जुहूहून होणारी उड्डाणं साधारण अशी:

• उद्योगपती, राजकीय नेते आणि चार्टर घेणाऱ्या इतरांची हेलिकॉप्टर्स. निवडणुकीच्या काळात ही वर्दळ वाढते.
• रुग्णांना तातडीने हलवण्यासाठीची उड्डाणं, विशेषतः समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कुणी जखमी किंवा आजारी झाल्यास.
• शिर्डीसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांची खासगी उड्डाणं.
• छोट्या विमानांची दुरुस्तीनंतरची चाचणी.

बॉम्बे फ्लाइंग क्लबचं नाव आजही जुहूशी जोडलेलं आहे. पण मुंबईच्या आकाशातल्या गर्दीमुळे क्लबचं विमान उडवण्याचं प्रत्यक्ष शिक्षण आता धुळ्याला चालतं.

समुद्रावरच्या ड्युटीला जाताना काय काय होतं?

ओएनजीसीच्या समुद्रातल्या कर्मचाऱ्यांची ड्युटी साधारणपणे १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस घरी अशी असते. म्हणजे एक गट जातो त्याच फेरीत दुसरा परत येतो. बोरिवली किंवा मुलुंडहून पहाटे निघालेला माणूस जुहूला पोहोचतो तेव्हा त्याचा अनुभव नेहमीच्या विमानतळापेक्षा बराच वेगळा असतो.

पहिली गोष्ट वजनाची. मोठ्या विमानात फक्त बॅग वजनकाट्यावर ठेवतात. हेलिकॉप्टरच्या प्रवासात माणसाचंही वजन मोजलं जातं, कारण दहा-बारा जणांच्या हेलिकॉप्टरमध्ये प्रत्येक किलोचा हिशोब इंधनाशी जोडलेला असतो. पुढे प्लॅटफॉर्मवर उतरता आलं नाही तर परत येण्याइतकं इंधन टाकीत असलंच पाहिजे. त्यामुळे कधी सामान मागे राहतं, कधी माणूस पुढच्या फेरीला थांबतो.

दुसरी गोष्ट सुरक्षा तपासणीची. तेल आणि वायूच्या ठिकाणी जायचं असल्याने काडेपेटी, लायटर अशा वस्तू चालत नाहीत.

तिसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. विमानात ते सीटखाली असतं, इथे ते अंगावर घालूनच बसावं लागतं. पाण्यात उतरण्याची वेळ आली तर खिडकी कशी ढकलायची, कुणी आधी बाहेर पडायचं, जॅकेट केव्हा फुगवायचं, हे उड्डाणाआधी सांगितलं जातं. जॅकेट हेलिकॉप्टरच्या आत असताना फुगवायचं नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम. फुगलेलं जॅकेट माणसाला छताकडे उचलतं आणि पाण्याखालच्या खिडकीतून निघणं अशक्य होतं.

समुद्रात काम करणाऱ्यांना यासाठी वेगळं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा पोहण्याच्या तलावात बुडवून उलटा केला जातो. पट्ट्याने बांधलेल्या माणसाने श्वास रोखायचा, केबिन थांबेपर्यंत वाट बघायची, हाताने खिडकी चाचपून मग पट्टा सोडायचा आणि बाहेर यायचं. आधी पट्टा सोडला तर उलट्या केबिनमध्ये दिशा कळत नाही, म्हणून हा क्रम अंगवळणी पाडतात.

नंतर साधारण पाऊण ते एक तासाचा प्रवास. खाली फक्त पाणी. शेवटी लोखंडी प्लॅटफॉर्मवरच्या 'एच' लिहिलेल्या गोलावर हेलिकॉप्टर उतरतं. बरेचदा पंखा फिरत असतानाच माणसं वाकून उतरतात, परतणारी माणसं चढतात आणि हेलिकॉप्टर लगेच मागे फिरतं.

पावसाळ्यात अडचण दुप्पट होते

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. बोटीतून प्लॅटफॉर्मवर माणसं चढवणं धोक्याचं होतं, म्हणून हेलिकॉप्टरवरचा भार वाढतो. नेमकं त्याच महिन्यांत ढग खाली येतात, पावसाच्या सरींमुळे समोरचं दिसत नाही आणि उड्डाणं खोळंबतात. दृश्यता ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर परवानगी मिळत नाही.

त्याचा परिणाम घरापर्यंत पोहोचतो. जुहूला बदली गट दिवसभर बसून राहतो आणि समुद्रात बॅग भरून तयार असलेला माणूस आणखी एक रात्र तिथेच काढतो. गणपतीसाठी घरी यायचं ठरवलेल्या माणसाचा बेत मुंबईच्या ढगांवर अवलंबून असतो.

दोन विमानतळ, एकच आकाश

जुहूला स्वतःचा कंट्रोल टॉवर आहे. पण ज्या आकाशात ही हेलिकॉप्टर्स उडतात तिथे मुंबईच्या मुख्य विमानतळाची मोठी विमानंही सतत ये-जा करत असतात. त्यामुळे जुहूचा टॉवर आणि मुख्य विमानतळाचं नियंत्रण यांच्यात सतत समन्वय ठेवावा लागतो.

यासाठी हेलिकॉप्टरना ठरलेल्या मार्गांनी आणि कमी उंचीवरून जावं लागतं. मोठी विमानं वरून जातात. जुहूची उड्डाणं प्रामुख्याने दिवसा आणि पायलटने नजरेने बघून करायची असतात. मुख्य विमानतळावर उतरणाऱ्या विमानांची रांग असेल तर जुहूच्या हेलिकॉप्टरला पंखा फिरवत जमिनीवर थांबावं लागतं.

अपघातांनी काय शिकवलं?

ही सेवा किती जोखमीची आहे, हे काही तारखा सांगतात.

११ ऑगस्ट २००३: ओएनजीसीच्या कर्मचाऱ्यांना नेणारं एमआय-१७२ हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. २७ जणांचा मृत्यू झाला.

१३ जानेवारी २०१८: सकाळी जुहूहून निघालेलं डॉफिन हेलिकॉप्टर डहाणूजवळ समुद्रात कोसळलं. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन पायलट, सातही जण गेले.

२८ जून २०१८: दुरुस्तीनंतर चाचणीसाठी जुहूहून उडालेलं किंग एअर सी-९० हे छोटं विमान घाटकोपरच्या सर्वोदय नगरमध्ये, बांधकाम सुरू असलेल्या जागी कोसळलं. दोन पायलट, विमानातले दोन तंत्रज्ञ आणि रस्त्याने चाललेला एक माणूस, अशा पाच जणांचा मृत्यू झाला.

२८ जून २०२२: सिकोर्स्की एस-७६डी हेलिकॉप्टर 'सागर किरण' या रिगजवळ समुद्रात उतरलं. नऊ जणांपैकी चार जणांचा जीव गेला, पाच जण वाचले.

२०२२ च्या अपघातात मदत जवळ होती आणि काही जणांना वेळेत बाहेर काढता आलं. तलावात केबिन उलटी करून घेतला जाणारा सराव कशासाठी असतो, ते अशा वेळी कळतं. घाटकोपरच्या अपघाताने दुसरी बाजू दाखवली. जुहूच्या उड्डाणांची जोखीम फक्त आत बसलेल्यांपुरती नाही. ज्यांनी आयुष्यात जुहू विमानतळ पाहिला नाही, अशा उपनगरातल्या माणसांच्या डोक्यावरूनही ती जाते.

शेजारच्या इमारतींची उंची का अडते?

विमानतळाच्या जवळ किती उंच बांधायचं, हे फक्त महापालिका ठरवत नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांनुसार अशा भागात एएआयचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. कुठे किती उंची चालेल हे दाखवणारे रंगीत नकाशे तयार केलेले असतात.

नियमामागची कल्पना सोपी आहे. धावपट्टीच्या टोकापासून विमान तिरकं वर चढतं, तसं त्याच्या खाली एक अदृश्य उतार गृहीत धरला जातो. धावपट्टीजवळ हा उतार जमिनीलगत असतो, लांब जाल तसा वर जातो. त्याला कोणतीही इमारत, क्रेन किंवा मोबाइल टॉवर टोचता कामा नये. बोलीभाषेत या पट्ट्याला 'फनेल झोन' म्हणतात, कारण वरून पाहिलं तर तो नरसाळ्यासारखा पसरत जातो. त्याच्या आजूबाजूच्या भागात साधारणपणे विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरची मर्यादा असते. म्हणजे अंदाजे १४-१५ मजले.

जुहू, विलेपार्ले आणि सांताक्रूझच्या रहिवाशांवर दोन विमानतळांची बंधनं एकाच वेळी येतात. जिथे दोन्ही लागू होतात तिथे जी मर्यादा कमी, ती पाळावी लागते. कुर्ला आणि घाटकोपरमध्येही मुख्य विमानतळाच्या फनेलमुळे हाच प्रश्न आहे. पन्नास-साठ वर्षं जुन्या इमारतीचा पुनर्विकास करायचा तर बिल्डरला जादा मजल्यांमधून खर्च काढायचा असतो. मजले वाढवताच येत नसतील तर बिल्डर पुढे येत नाही आणि प्लास्टर पडणाऱ्या घरात माणसं तशीच राहतात. त्यामुळे "हा विमानतळ हलवा" अशी मागणी अधूनमधून होत असते.

मग तो हलवत का नाहीत?

एवढ्या महागड्या भागात इतकी मोकळी जमीन असल्याने तिच्याबद्दल वेगवेगळ्या कल्पना येत राहिल्या. मुख्य धावपट्टी समुद्राच्या दिशेने वाढवावी आणि जुहू तारा रोड तिच्याखालून न्यावा, अशी योजना एएआयने मांडली होती. तसं झालं असतं तर छोटी प्रवासी विमानं इथे उतरू शकली असती. सध्याच्या लांबीवर ते कठीण आहे, कारण छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर-७२ विमानालाही पूर्ण भार घेऊन उडायला साधारण १,३०० मीटर लागतात. किनारपट्टीचे नियम, चौपाटी आणि शेजारची दाट वस्ती यांमुळे ती योजना कागदावरच राहिली.

२०१४ मध्ये जुहूहून पवना धरणापर्यंत पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची सेवा सुरू झाली होती. तिचा गाजावाजा झाला, पण ती टिकली नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यामुळे मुंबईच्या प्रवासी विमानांना दुसरी जागा मिळाली. जुहूचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. मुंबई हाय पश्चिमेला आहे, नवी मुंबई पूर्वेला. तिथून समुद्रावर जायचं तर हेलिकॉप्टरला आधी संपूर्ण शहर ओलांडावं लागेल. जुहूहून उडालं की एका मिनिटात खाली समुद्र असतो. इंजिनात बिघाड झाला तर खाली घरं असण्यापेक्षा पाणी असणं बरं, हाही त्यातला हिशोब आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जुहूहून सामान्य माणसाला उडता येतं का?*
नेहमीचं तिकीट काढून नाही. खासगी हेलिकॉप्टर कंपनीकडून चार्टर घेता येतं, पण ते खर्चिक असतं. 'मुंबई दर्शन'साठी हेलिकॉप्टर फेऱ्याही इथून झाल्या आहेत.

*विमानतळ आतून बघता येतो का?*
नाही. तो सुरक्षित क्षेत्र आहे. परवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही.

*चौपाटीवर ड्रोन उडवला तर चालेल का?*
नाही. विमानतळाजवळचा भाग ड्रोनसाठी प्रतिबंधित असतो. पतंग आणि लेझरचे झोतही पायलटसाठी धोकादायक ठरतात. हेलिकॉप्टर इथे कमी उंचीवरून जात असल्याने हा धोका जास्त आहे.

*मुख्य विमानतळ आणि जुहू एकच आहेत का?*
नाही. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ वेगळा, जुहू वेगळा. रिक्षावाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगितलं तर तो मुख्य विमानतळावरच नेईल. त्यामुळे समुद्रावर पहिल्यांदा ड्युटीला निघालेल्यांना घरून एक सूचना आवर्जून मिळते: "जुहूचं पवन हंस, असं सांग."